मंडळाच्या फोटोंसाठी पिविगो : दिसायला जुनाट, कामाला खमकं

पिविगो पहिल्यांदा उघडून दाखवलं की मंडळातली तरुण पोरं नाक मुरडतात. डावीकडे मेनू, वर पट्टी, मध्ये चौकोनी थंबनेल. एकूण तोंडवळा दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या वेबसाइटचा. मुरडू द्यावं. २००२ मध्ये पीएचपी-वेबगॅलरी या नावाने सुरू झालेलं आणि २००९ मध्ये पिविगो झालेलं, आपल्याच सर्व्हरवर फोटोंची गॅलरी चालवणारं हे मुक्त सॉफ्टवेअर अजून नियमित सुधारलं जातंय. शेकडो अल्बम, चार-पाच फोटोग्राफर, बघणारे भरपूर आणि सांभाळणारा एकच, अशा मुंबईतल्या कुठल्याही मंडळाच्या, गिर्यारोहण संस्थेच्या किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संग्रहाला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. उणिवा आहेत, आणि त्यातली एक तर चांगलीच गंभीर आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

मुळात हा विषय बैठकीत का येतो ते उघड आहे. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद साठवण बंद केली. १५ जीबीत मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं बसवायचं तर एका वर्षाचा गणेशोत्सवही मावत नाही. केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक उत्सव १८९३ पासूनचा. शंभरी गाठलेली किंवा गाठायला आलेली मंडळं शहरात कमी नाहीत. त्यांच्याकडे कपाटात अल्बम असतात, कुणाच्या घरी निगेटिव्ह असतात आणि गेल्या पंधरा वर्षांचं सगळं चार जणांच्या डिस्कवर विखुरलेलं असतं.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : 'आपला अमुक सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो बनवून देईल.' तो देतोही. मग तो बंगळुरूला जातो, ज्या भाषेत ते लिहिलं त्या पीएचपीची आवृत्ती बदलते आणि लॉगिनचं पान पांढरं पडतं. आतलं कुणालाच कळत नाही. हाताने लिहिलेल्या गॅलरीत फोटो दाखवणं हे दोन संध्याकाळचं काम. परवानग्या, वेगवेगळे आकार, शोध, एकदम हजार फोटोंना टॅग लावणं आणि पुढची दहा वर्षं सुरक्षेची डागडुजी, यात खरा वेळ जातो. दुसरा सल्ला : इमिच हे दुसरं मुक्त फोटो-सॉफ्टवेअर वापरा. इमिच उत्तम आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची स्थिर २.० आवृत्तीही आली. पण त्याचा जीव घरच्या फोनमधले फोटो आपोआप साठवण्यात आहे. चेहरे ओळखणं त्यात फार छान. मात्र कुणीही यावं, वर्ष निवडावं, त्यात आगमन, त्यात देखावा असं उतरत जावं, ही अल्बमांची उतरंड त्यात नाही. घरासाठी इमिच, संस्थेसाठी पिविगो, इतकी सरळ वाटणी करायला हरकत नाही.

यंत्र

पिविगोला तगडं यंत्र लागत नाही. इंटेल एन-१०० वाला मिनी पीसी किंवा सहाव्या-आठव्या पिढीतला वापरलेला छोटा ऑफिस डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, सिस्टिम आणि डेटाबेससाठी २५६ जीबीची एसएसडी, मूळ फोटोंसाठी ४ टीबीची डिस्क : पुष्कळ झालं. जुना टॉवर पीसी पडून आहे म्हणून तो लावायचा मोह टाळावा. मिनी पीसी रिकामा बसून साधारण १० वॅट खातो, म्हणजे महिन्याला ७ युनिट. जुना टॉवर ७० वॅट ओढत असेल तर तेच ५० युनिट होतात, आणि बिल मंडळाच्या नावावर असलं तरी खजिनदार ते वाचतोच.

खरेदी लॅमिंग्टन रोडला, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या डॉ. भडकमकर मार्गावर केलीत तर डिस्कच्या बाबतीत तीन गोष्टी पाहून घ्या. बिल जीएसटीचं हवं आणि त्यावर सीरियल नंबर हवा. तो नंबर दुकानातच कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून बघायचा; बाहेरून आयात झालेल्या डिस्कला कधी कधी भारतात वॉरंटीच नसते. घरी आल्यावर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल नोंदवत जाते ती आकडेवारी काढून चालू तास तपासायचे : 'नवी' म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती परत. मग स्मार्टची लांब चाचणी लावायची. ४ टीबीला रात्र जाते, पण बिघडलेली डिस्क दुकानदाराकडे बदलून मिळण्याच्या मुदतीत सापडते. शिंगल्ड रेकॉर्डिंगच्या, म्हणजे एसएमआर डिस्क रोजच्या लिहिण्याला मंद असतात. मुख्य साठ्याला सीएमआर, म्हणजे साध्या रेकॉर्डिंगची घ्यावी, दुसऱ्या प्रतीला एसएमआर चालते.

मुंबईत लोडशेडिंग नाही हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या शहराची वीज गेली होती, आणि सोसायटीतली 'मीटर रूमचं काम चालू आहे' ही पाटी तर वर्षातून दोनदा लागते. ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, मात्र त्यावर मिनी पीसीबरोबर राउटर आणि फायबरचा डबाही लावायचा. तिन्ही मिळून ३० वॅटच्या आसपास. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी अर्धा-पाऊण तास ओढते. नवी असेपर्यंत. दोन-तीन वर्षांनी ती बदलावी लागते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

भाड्याच्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे इतरांबरोबर वाटून घेतलेल्या सर्व्हरवर पिविगो चालतं, पण मोठ्या संग्रहाला ते परवडत नाही आणि कारण फक्त जीबी नाही. ४०,००० फोटो धरा. प्रत्येकाचे लहान-मोठे सहा आकार तयार झाले की फायली होतात २ लाख ८० हजार. स्वस्त होस्टिंगवर जागेआधी फायलींच्या संख्येची मर्यादा आडवी येते.

बसवणं

डेबियन (लिनक्स), एनजिनएक्स (वेब-सर्व्हर), पीएचपी ८, मारियाडीबी (डेटाबेस). पीएचपीचे मायएसक्यूएल, एमबीस्ट्रिंग, एक्सएमएल, झिप, कर्ल आणि इमॅजिक हे भाग हवेत. रिकामा डेटाबेस आणि त्याचा वापरकर्ता बनवायचा, नेटइन्स्टॉलची एकच फाइल सर्व्हरवर टाकून ती ब्राउझरमधून उघडायची. ती बाकीचं स्वतः उतरवून घेते. पाऊण तासाचं काम.

अडतं ते दोन जागी. पहिली, चित्रांचं इंजिन. प्रशासनात देखभालीच्या पानावर पिविगो कुठली ग्राफिक्स लायब्ररी वापरतंय ते दिसतं. तिथे जीडी दिसलं तर इमेजमॅजिकवर आणावं. जीडी अख्खं चित्र मेमरीत उलगडतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे सुमारे १०० एमबी, आणि पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी. मग काही थंबनेल येतात, काही येत नाहीत, आणि माणूस फोटोच खराब समजतो. दुसरी, इमेजमॅजिकची स्वतःची धोरण-फाइल. डेबियनमध्ये तिच्यात रुंदी-उंचीची मर्यादा १६ हजार पिक्सेलची असते. चौपाटीचा जोडून केलेला पॅनोरमा त्याहून रुंद निघाला की तो एकच फोटो कोरा दिसतो. बाकी सगळं ठीक असताना एखादाच फोटो रुसला तर आधी तिथे बघा.

पीएचपीची २ एमबीची अपलोड मर्यादा वाढवायला मात्र धावू नका. पिविगोचा वेब-अपलोडर फाइल अर्ध्या एमबीच्या तुकड्यांत पाठवतो, त्यामुळे ती मर्यादा आड येतच नाही.

फोल्डर की अल्बम

पिविगोत फोटो दोन वाटांनी येतात आणि पहिल्याच दिवशी वाट ठरवावी लागते. नंतर बदलणं जिवावर येतं.

पहिली वाट वेब-अपलोडची. फाइल 'अपलोड' फोल्डरमध्ये वर्ष-महिना-दिवस अशा खोक्यांत जाते, नाव बदलून तारीख आणि काही यादृच्छिक अक्षरं असं होतं. अल्बम फक्त डेटाबेसमध्ये असतात, हवे तसे हलवता येतात. फोटोही कुठूनही कुठेही नेता येतो. तोटा असा की डेटाबेस गेला तर हातात उरतो नुसता बिननावाच्या फायलींचा ढीग.

दुसरी वाट सिंकची. तुमचे फोल्डर जसे आहेत तसे 'गॅलरीज' मध्ये ठेवायचे आणि प्रशासनातून सिंक चालवायचं, म्हणजे पिविगो ते वाचून नोंदवून घेतं. फोल्डर तेच अल्बम. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तरी वर्षवार संग्रह जागच्या जागी. जुन्या संग्रहाला हीच वाट बरी. पण तिचा एक नियम आहे तो भिंतीवर लिहून ठेवावा : सिंक झालेल्या फोल्डरचं नाव बदलायचं नाही आणि आतली फाइल हलवायची नाही. पिविगोच्या लेखी नाव बदलणं म्हणजे जुना अल्बम पुसला आणि नवा आला. त्याबरोबर शीर्षकं, टॅग, परवानग्या, कुणी तरी तीन रविवार बसून लिहिलेली माणसांची नावं, सगळं जातं. सिंकच्या पानावर आधी नुसती चाचणी घेण्याचा पर्याय असतो. प्रत्येक वेळी तो वापरायचा, आणि 'इतके फोटो काढले जातील' हा आकडा शून्य नसेल तर थांबायचं.

म्हणून मांडणी अशी करावी : फोल्डर फक्त वर्ष आणि स्रोत यांचे. एका वर्षाच्या आत प्रत्येक फोटोग्राफरचा एक आणि स्कॅनचा एक. आगमन, देखावा, रक्तदान, विसर्जन हे अल्बम आभासी, म्हणजे फक्त डेटाबेसमधले बनवायचे, आणि एकगठ्ठा संपादनाच्या पानावरून तारखेने गाळून फोटो त्यांना जोडायचे. एकच फोटो चार अल्बममध्ये राहू शकतो. जागा एकदाच लागते.

आता देवनागरी. 'विसर्जन' नावाचा फोल्डर सिंक होत नाही. पिविगो फोल्डर आणि फाइलच्या नावात मुळात इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी रेघ, अधोरेघ आणि टिंब इतकंच चालवून घेतं. जागा सोडलेलीही चालत नाही. सिंकच्या शेवटी चुकीच्या नावांची यादी येते, ती कुणी वाचत नाही आणि 'फोटो टाकले पण दिसत नाहीत' अशी तक्रार येते. स्थानिक कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये हा नियम सैल करता येतो. करू नये. झिप करताना, विंडोजवरून मॅकवर जाताना, बॅकअपच्या डिस्कवर देवनागरी नावं कुठे तरी फुटतातच. फोल्डर इंग्रजी अंकांत, आणि अल्बमचं दिसणारं नाव झकास मराठीत. ते डेटाबेसमध्ये नीट बसतं.

टॅगमध्ये याहून बारीक खोडी आहे. 'तुताऱ्या' हा शब्द एक कीबोर्ड खाली टिंब असलेल्या 'ऱ' ने उमटवतो, दुसरा साध्या 'र' ला हलन्त लावून मागे न दिसणारं जोडचिन्ह ठेवतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाला ते दोन शब्द वाटू शकतात, मग टॅगच्या यादीत 'तुताऱ्या' दोनदा येतो आणि अर्धे फोटो एकाखाली, अर्धे दुसऱ्याखाली. 'पायऱ्या', 'दुसऱ्या दिवशी' यांचंही तेच. मिरवणूक-मिरवणुक हा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ निदान डोळ्यांना दिसतो तरी. उपाय एकच : साठ-सत्तर टॅगची यादी एका माणसाने एकदा बनवायची आणि बाकीच्यांनी त्यातून निवडायचं, नवा टॅग टाइप करायचा नाही. दोन झालेच असतील तर टॅगच्या पानावर विलीन करायची सोय आहे.

फोटोंखालच्या ओळी डिजीकॅम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये लिहिणार असाल तर त्या फाइलच्या आयपीटीसी या माहितीच्या कप्प्यात जातात आणि पिविगो तिथून उचलू शकतं. हे मुळात बंद असतं, कॉन्फिगमध्ये चालू करावं लागतं. मराठी ओळींच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा जंतरमंतर दिसलं तर फाइलमध्ये यूटीएफ-८ या अक्षरसंकेताची खूण नाही असं समजा. एक्झिफटूल या छोट्या सॉफ्टवेअरने ती खूण एकदम सगळ्या फायलींवर मारता येते.

काय टाकायचं, काय नाही

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलवर आलेला असतो आणि त्यातली तारीख उडालेली असते. पिविगो तारीख एक्झिफमधून, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीतून घेतं, त्यामुळे असे फोटो वर्षाच्या क्रमात कुठेही पडतात. फोटोग्राफरला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा सरळ खातं द्या : कम्युनिटी नावाचं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) ठरावीक लोकांना ठरावीक अल्बममध्ये अपलोड करू देतं आणि प्रशासकाने पसंत करेपर्यंत फोटो लपून राहतो. हे प्लगइन पिविगो निवडण्याचं मोठं कारण आहे.

जुने प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन करावेत. ४ बाय ६ इंचाचा प्रिंट मग २४०० बाय ३६०० पिक्सेल होतो, आणि टिफ फाइल २६ एमबीची. टिफ गॅलरीत टाकायचं नाही. ते वेगळ्या फोल्डरमध्ये मूळ प्रत म्हणून, आणि त्यावरून केलेलं जेपेग गॅलरीत. आयफोनचे एचईआयसी फोटोही आधी जेपेग करून घ्यावेत. व्हिडिओजेएस प्लगइनने व्हिडिओ दिसतात, पण पिविगो त्यांचं रूपांतर करत नाही : फोनमधला एचईव्हीसी साच्यातला व्हिडिओ निम्म्या लोकांकडे काळा दिसणार. एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने एच-२६४ साच्यात करून टाका, नाही तर व्हिडिओ यूट्यूबवरच राहू द्या. खरं सांगायचं तर व्हिडिओसाठी पिविगो घेऊच नये.

अपलोडनंतर मूळ फोटो लहान करण्याचा एक पर्याय सेटिंगमध्ये आहे. मुळात बंद असतो. बंदच ठेवा; तो मूळ फाइलच बदलतो.

अनंत चतुर्दशीची रात्र

पिविगो लहान आकार आधी बनवून ठेवत नाही. कुणी अल्बम पहिल्यांदा उघडला की त्या क्षणी बनवायला घेतं. एरवी हे शहाणपणाचं, पण विसर्जनाच्या सहाशे फोटोंची लिंक ग्रुपवर पडली आणि तीनशे जणांनी एकदम उघडली की चार कोअर शंभर टक्क्यांवर आणि पानावर नुसते गोल फिरत राहणारे चौकोन. लिंक पाठवण्याआधी एकगठ्ठा संपादनातून 'अनेक आकार तयार करा' ही क्रिया पूर्ण अल्बमवर चालवा. हजारो फोटो असतील तर रात्री लावा.

आकार बरेच आहेत, १२० पिक्सेलच्या चौकोनापासून चांगल्या मोठ्यापर्यंत. सगळे लागत नाहीत. मधले दोन-तीन बंद केले की जागा आणि वेळ दोन्ही वाचतात. जेपेगची गुणवत्ता मुळात ९५ असते, ती ८५ वर आणा. मोबाइलवर फरक कुणाला दिसत नाही, आणि घरच्या लाइनवरून जाणारा भार बराच उतरतो.

नोंदणी आणि प्रतिक्रिया दोन्ही पहिल्याच दिवशी बंद करा. उघड्या ठेवल्या की आठवड्याभरात जुगाराच्या जाहिराती येतात. शोधयंत्रांचे आणि एआयचे बॉट (आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्रॅम) हा दुसरा ताप : कॅलेंडर आणि टॅगच्या जोड्या मिळून पिविगोत अक्षरशः न संपणारी पानं तयार होतात, आणि बॉट ती सगळी चघळत बसतात. त्या वाटा रोबोट्सच्या, म्हणजे बॉटना सूचना देणाऱ्या फाइलमध्ये अडवा, आणि न ऐकणाऱ्यांना एनजिनएक्समध्ये.

खाजगी म्हणजे किती खाजगी

ती गंभीर उणीव हीच. अल्बम 'खाजगी' केला की पिविगो त्याचं पान दाखवत नाही. पण फोटोची फाइल वेब-सर्व्हर थेट देतो, पिविगोला न विचारता. 'गॅलरीज' मधला पत्ता ज्याला माहीत आहे किंवा अंदाजाने लावता येतो, त्याला लॉगिन लागत नाही. कॅमेऱ्याच्या फायलींची नावं क्रमाने असतात, त्यामुळे अंदाज कठीण नसतो. वेब-अपलोडच्या फायलींना यादृच्छिक नाव असतं म्हणून त्या अवघड, तरी कुलूप नाहीच.

मूळ फायलींचं रक्षण करण्याची कॉन्फिगमध्ये एक ओळ आहे. ती घातली की मूळ फोटोच्या लिंका पिविगोमार्फत जातात. पण त्याबरोबर एनजिनएक्समध्ये 'गॅलरीज' आणि 'अपलोड' या दोन्ही वाटा बाहेरच्यांना बंद करायला हव्यात, नाही तर पुढचं दार लावून मागचं उघडं. अपाची या दुसऱ्या वेब-सर्व्हरसाठी लिहिलेले नियम एनजिनएक्स वाचत नाही, हे विसरू नका. एवढं करूनही तयार झालेले लहान आकार डेटा-फोल्डरमधून थेट मिळत राहतात. सोपं धोरण असं : जे बाहेर गेलं तर पंचाईत होईल, ते या गॅलरीत ठेवायचंच नाही. कार्यकारिणीच्या पावत्या, वैद्यकीय शिबिरातली माणसं, लहान मुलांचे जवळून काढलेले फोटो वेगळ्या जागी.

जीपीएसचंही बघा. मोठ्या आकारांच्या फायलींत पिविगो एक्झिफ तसंच ठेवतं, अगदी लहान आकारांतून तेवढं काढतं. म्हणजे कुणाच्या घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचा फोटो घराच्या अक्षांश-रेखांशासकट जगाला मिळतो. फोटो सिंक करण्याआधी एक्झिफटूलने जीपीएसच्या सगळ्या नोंदी पुसा. हजार फोटोंना एकच आज्ञा लागते.

घरातून बाहेर

मुंबईतल्या बऱ्याच घरगुती जोडण्या कॅरियर-नॅटच्या, म्हणजे कंपनीने अनेक घरांत वाटलेल्या एकाच पत्त्याच्या मागे असतात. राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत असेल तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका, बाहेरून त्या पत्त्यावर कुणी आत येऊच शकणार नाही. स्थिर आयपी विकत घ्या, किंवा क्लाउडफ्लेअर या कंपनीचा बोगदा, म्हणजे घरातून तिच्या सर्व्हरपर्यंतची जोडणी लावा. त्याला स्वतःचं डोमेन लागतं, बाकी फुकट. फुकट योजनेत एका वेळी १०० एमबीहून मोठी विनंती जात नाही, पण पिविगो तुकड्यांत पाठवत असल्याने वेब-अपलोड अडत नाही. व्हिडिओंबाबत त्यांच्या अटींत बंधनं आहेत, हे आणखी एक कारण व्हिडिओ बाहेर ठेवायचं. तिसरा मार्ग मुंबईतल्याच डेटा सेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डची सुरक्षित जोडणी. घरच्या बाजूला २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) द्यायला विसरलात तर जोडणी थोड्या वेळाने गप्प होते.

यातल्या बोगद्यात किंवा व्हीपीएसवर एक खोडी नक्की येते. पान एचटीटीपीएसवर उघडतं, पण चित्रं आणि लिंका साध्या एचटीटीपीच्या बनतात आणि ब्राउझर त्या अडवतो. कारण पिविगोपर्यंत विनंती साध्या रूपातच पोहोचते. एनजिनएक्समधून पीएचपीला 'एचटीटीपीएस चालू' हे मूल्य द्या, की मिटलं.

दुसरी प्रत

बॅकअपमध्ये चार गोष्टी : मूळ फोटो, 'लोकल' फोल्डर, प्लगइन-थीम आणि डेटाबेसचा डंप (पूर्ण नक्कल). तयार झालेले लहान आकार घेऊ नका, ते पुन्हा बनतात. डंप रोज रात्री, फोटो आरसिंक या नक्कल करणाऱ्या आज्ञेने. आरसिंकला 'तिकडचं पुसलेलं इकडेही पूस' हा पर्याय देऊ नका, नाही तर चुकून उडवलेलं वर्ष बॅकअपमधूनही उडतं.

दुसरी डिस्क त्याच इमारतीत ठेवून उपयोग नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा तळमजल्यांवर काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मंडळाचं कार्यालय तळमजल्याला असेल तर यंत्र भिंतीवर उंच, पण पत्र्याला लागून माळ्यावर नको. मे महिन्यात तिथे डिस्क ५० अंशांच्या वर जाते. दुसरी प्रत डोंबिवलीला किंवा बोरिवलीला, वर राहणाऱ्या कुणाकडे. ती दर तीन महिन्यांनी आणून भरावी, आणि त्यातले पाच-दहा फोटो उघडून बघावेत.

नवी मोठी आवृत्ती आली की प्रशासनात सूचना येते आणि एका क्लिकवर बदल होतो. आधी डंप घ्या, आणि आपली प्लगइन त्या आवृत्तीला चालतात का ते पाहा. कम्युनिटीसारखं प्लगइन मागे राहिलं तर महिनाभर थांबायला हरकत नाही. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर काहीही बदलू नका. आणि डोमेन, क्लाउडफ्लेअर आणि प्रशासक ही तिन्ही खाती मंडळाच्या ईमेलवर काढा, कार्यकर्त्याच्या नाही; डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो आणि छापील अहवालातला क्यूआर कोड भलत्याच पानावर नेतो.